उंच कोपऱ्यातली मोरी

अंगणाला फरशी घालावी की कोबा करावा, हा प्रश्न लोकांनी मला उभ्या जन्मात इतक्या वेळा विचारला आहे की, माझं नाव लक्ष्मण आहे हे काहीजण विसरूनच गेले असतील. आता हात थकले, थापी माळ्यावर गेली, तरी लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस बुंदीचा लाडू फोडता फोडता तेच विचारतो. मी त्याला उलट विचारतो, "घरातल्या बाईला विचारलंत का?" तो हसतो. म्हातारा थट्टा करतोय असं त्याला वाटतं. मी थट्टा करत नसतो. त्या विचारण्यामागे जुन्या जालन्यातलं एक अंगण आहे आणि त्या अंगणाची गोष्ट सांगायलाच दिवाळीच्या या अंकात चार पानं मागून घेतली आहेत. पण आधी धंद्याचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी सांगतो तो काळ निजामाच्या राज्यातला. आमच्याकडे फरशी यायची शहाबादहून, रेल्वेने. राखी रंगाची, थंडगार, पावसात भिजली की काळीभोर दिसणारी. पुढे सिमेंटही त्याच शहाबादहून, त्याच गाडीने यायला लागलं. म्हणजे दोन सवती एकाच माहेरच्या. पण दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईच्या दिवसांत सिमेंट सरकारी कामांकडे गेलं, आम्हाला डोळ्यांनी बघायला मिळेना, आणि ज्यांना अंगण एकसंध हवं ते पुन्हा जुन्या चुन्याच्या कोब्याकडे वळले.

फरशीचं काम सरळ असतं. जमीन धुमसाने ठोकायची, मुरूम पसरायचा, वर चुन्याचा थर आणि त्यावर एकेक फरशी सुताला धरून बसवायची. मग सांधे भरायचे. पुढेमागे एखादी फरशी हलायला लागते, तिच्यावर पाय दिला की खालचं पाणी धोतरावर उडतं, सांध्यांतून गवत येतं, मुंग्या येतात. पण ती उचलता येते. खालचं काय ते बघून, दुरुस्त करून तीच फरशी परत बसवता येते.

कोब्याचं तसं नाही. चुना, वाळू आणि विटांचा खडा कालवून एकजीव केलेला माल अख्ख्या अंगणात ओतायचा. त्यात गुळाचं पाणी घालायचं. मग बायका ओळीने उकिडव्या बसतात आणि लाकडी चोपण्यांनी तो चोपत चोपत मागे सरकतात, चुन्याचं पांढरं पाणी वर येईपर्यंत. मग घोटायचा आणि गोणपाट टाकून ओला ठेवायचा. जमला तर आरशासारखा होतो, सांधा नाही, गवत नाही, केरसुणी अशी सरकन जाते. मात्र आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. खालची जमीन नीट ठोकली नसेल तर कोबा तडकतो. तडकला की ठिगळ लावा, ते उठून दिसणारच.

ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते कासम उस्ताद फार थोडं बोलायचे. धंद्याची सगळी अक्कल त्यांनी मला एकदाच सांगितली. "देख लछमन, फर्शी उठती, कोबा टूटता. पहले पूछ ले मालिक कू, आगे कुछ उठाना है क्या."

हे न विचारल्याने काय होतं ते मी केदारखेड्याला पाहिलं. तिथल्या एका मोठ्या शेतकऱ्याने पोरीच्या लग्नाआधी अख्खं अंगण कोब्याचं करून घेतलं. व्याही शहरातले, त्यांच्या डोळ्यांत भरलं पाहिजे. मी विचारलं तर म्हणाला, "उचलायचं काय त्याच्यात? जमीन उचलत असतेत व्हय?" काम छान झालं. शेजारची माणसं चपला काढून त्यावरून चालून बघत होती. आणि मांडवाच्या दिवशी भटजींनी विचारलं, मुहूर्तमेढ कुठं रोवायची? मेढ मातीत रोवावी लागते आणि अंगणात ओंजळभर माती उरलेली नव्हती. कोणी म्हणालं गोठ्यात रोवा, तशी नवरीची आजी चिडली. शेवटी सब्बल आणून मलाच तो कोबा फोडायला लावला. सनई वाजत होती आणि मी मांडवाच्या मुहूर्तावर माझंच काम फोडत होतो. व्याह्यांच्या डोळ्यांत काय भरलं असेल ते असो.

कोबा वाईट असतो असं मात्र नाही. तीर्थपुरीच्या एका भुसार व्यापाऱ्याची आई फरशीच्या सांध्यांत अडकलेले ज्वारीचे दाणे दाभणाने काढत दुपारभर बसायची. ज्वारी वाळत घातली की म्हातारी दाभण घेऊन हजर. तिथे मी हात जोडून सांगितलं की, कोबाच करा आणि आईचे डोळे वाचवा. म्हातारी पुढे माझ्यावरच रागावली, कारण तिला दुपारचं काम उरलं नाही.

आता जुन्या जालन्यातल्या मस्तगडचं.

मस्तगडात रंगनाथराव म्हणून एक गृहस्थ राहत. जमीन खेड्यावर, ती वाट्याने दिलेली. स्वतः शहरात घर बांधून राहिलेले. उंच, ताठ, कमी बोलणारा माणूस. कामावर नुसता उभा राहायचा नाही, स्वतः हात लावायचा. त्यांनी मला बोलावलं तेव्हा लढाई चालू होती. अंगण मातीचं, सारवलेलं. ते म्हणाले, "कोबा करायचा, मिस्त्री. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. सांधा दिसला न्हाई पाह्यजे."

आम्ही दोघांनी मिळून पाणसळ लावली. पाणसळ म्हणजे जमीन कुठे उंच, कुठे सखल ते दाखवणारी पट्टी. सुताचं एक टोक त्यांनी धरलं, एक मी. स्वयंपाकघराच्या दाराजवळचा कोपरा सगळ्यात उंच निघाला आणि रस्त्याकडचा दरवाजा सगळ्यात सखल. रंगनाथरावच म्हणाले, "मंग बराबर हाये. पानी आपसूक दरवाजाकडं जाईल." ढाळ कळणारा मालक क्वचित भेटतो, म्हणून मला ते लक्षात राहिलं.

उस्तादांची शिकवण आणि केदारखेड्याचा अनुभव, दोन्ही मनात होतं. मी म्हणालो, "मालक, मधी थोडी जागा फरशीची ठेवू का? उद्या घरात लगीन निघालं, मेढ रोवायची म्हनलं तर..."

त्यांनी सूत गुंडाळायला सुरुवात केली. गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "आमच्या घरात आता कुनाचं लगीन हाये, मिस्त्री?"

मला काही माहीत नव्हतं. बाहेर आल्यावर पानवाल्याने सांगितलं. त्यांना एकुलता एक मुलगा होता, मुकुंद. हुशार. रंगनाथरावांनी त्याला पुढच्या शिक्षणासाठी हैदराबादला ठेवलं होतं. आई नको म्हणत होती, पोर नाजूक आहे, परगावचं पाणी सोसायचं नाही म्हणत होती. तिकडे त्याला ताप भरला. तार मिळून रंगनाथराव पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिकडच्या लोकांना थांबणं शक्य नव्हतं म्हणून उरकूनही टाकलं होतं. रंगनाथराव गेले तसे एकटेच परत आले. अस्थी येताना गोदावरीत सोडल्या होत्या. आईला ना तोंड दिसलं, ना राख.

दुसऱ्या दिवशी मी लवकर कामाला गेलो. रंगनाथराव आत पूजा करत होते. अंगणातल्या त्या उंच कोपऱ्यात त्यांची बायको, कावेरीबाई, उकिडव्या बसल्या होत्या. हातात तांब्या. उजव्या हाताची ओंजळ जमिनीला टेकेल इतकी खाली धरून तिच्यात पाणी ओतत होत्या आणि बोटं जराशी सैल करून ते जमिनीत जिरू देत होत्या. एकदम ओतत नव्हत्या. एक ओंजळ जिरली की दुसरी. तिथे रोप असेल असं मला वाटलं, पण रोप काही दिसेना.

"बाई, काय लावलंय हितं?" मी विचारलं.

"लावलं न्हाई, दादा. पुरलेलं हाये." पदराला हात पुसत त्या उठल्या. "माझ्या मुकुंदाची वार हाये हितं."

वाचणाऱ्यांत तरुण मंडळी असतील म्हणून सांगतो. तेव्हा बाळंतपणं घरातच व्हायची. मूल जन्मलं की त्याची वार, म्हणजे नाळेबरोबर मागून पडतो तो भाग, सुईण मडक्यात घालून, हळदकुंकू वाहून अंगणात पुरायची. त्या जागेवर पाणी घालत राहायचं. वार वाळली की लेकरू सुकतं, असं आमच्याकडच्या बायका म्हणत. पुढे मूल चालायला लागलं, खेळायला लागलं की जागा कोणाच्या ध्यानातही राहत नाही. कावेरीबाईंचं मूल गेलं आणि त्यांना ती जागा परत आठवली. त्याच्या देहातलं एवढंच त्या घरात उरलं होतं. बाकी सगळं परमुलखात.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, मालकाला सांगा, फरशी चांगली म्हून. फरशी उचलता येते ना? तेवढी एक फरशी मी उचलीन आन परत ठेवीन. त्याइला दिसायचं बी न्हाई. कोबा केल्यावर ती जागा मला जल्माची बंद व्हईल."

"तुमी का न्हाई सांगत?"

"आमी बोलत न्हाई." हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मला लगेच उमगलं नाही. भाजी संपली, पाहुणे आले, एवढंच त्या घरात बोललं जात होतं. पोराचं नाव कोणीच काढत नव्हतं. ते नाव काढलं असतं तर त्याला हैदराबादला कोणी पाठवलं तेही निघालं असतं.

मी रंगनाथरावांकडे गेलो आणि फरशीची बाजू मांडली. काळी माती सांगितली, तडे सांगितले, उन्हाळ्यात कोबा तापतो ते सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुमचं खरं हाये. तरी कोबाच करा."

"कामून पन, मालक?"

त्यांनी त्या कोपऱ्याकडे बोट केलं. "ती रोज सकाळी तिथं बसती. मी पूजंला बसतो तिथून बराबर दिसतं. मला वाटतं, मला दाखवायलाच बसती. एकदाचं बंद व्हऊ द्या ते. तिच्याबी जिवाला आराम पडंल, माझ्याबी."

घर त्यांचं, अंगण त्यांचं. त्यांचा राग आला म्हणावा तर तोंडाकडे बघवत नव्हतं. पण बाईंचा तो 'जल्माची बंद' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. दोन दिवस मी नुसता मुरूम ठोकत राहिलो. तिसऱ्या दिवशी माल कालवायच्या आधी म्हणालो, "मालक, त्या वरच्या कोपऱ्यात मोरीचं तोंड ठेवावं लागंल. सैपाकघराचं पानी हाये, कधी तुंबलं तर साफ कराया जागा पाह्यजे. वरून फरशीचं झाकन टाकतो."

उंच कोपऱ्यात मोरी! कासम उस्तादांनी ऐकलं असतं तर थापी फेकून मारली असती. पाणी काय डोंगर चढून मोरीत जाणार होतं? आणि स्वयंपाकघराचं पाणी तर मागच्या बाजूने गल्लीत जात होतं. खोटं बोलावं तर निदान आपल्या धंद्यातलं बोलू नये. पण मला दुसरं सुचलं नाही.

रंगनाथरावांनी माझ्याकडे पाहिलं, कोपऱ्याकडे पाहिलं. "ठेवा," म्हणाले आणि आत गेले. मला वाटलं, सुटलो.

चोपायच्या दिवशी बायका ओळीने बसल्या, चोपण्यांचा आवाज सुरू झाला. एरवी या बायका काम करताना गाणी म्हणतात. त्या घरात कोणी गाणं काढलं नाही. ओळ सरकत सरकत त्या कोपऱ्याशी आली तशा कावेरीबाई आतून आल्या. एका बाईला म्हणाल्या, "उठ गं, माय. हितलं मी करते." आणि चोपणी घेऊन बसल्या. त्यांच्या हाताला जोर नव्हता. झोपत नसलेल्या लेकराला थोपटतात तशी ती चोपणी पडत होती. अशाने कोबा बसत नाही हे ओळीतल्या सगळ्या बायकांना माहीत होतं. तरी त्या आपापली जागा चोपत राहिल्या. बाई आत गेल्यावर तेवढा भाग मी पुन्हा चोपून घेतला, पण जपून.

त्या जागेभोवती माल ओतायच्या आधीच विटांची चौकट करून आत माती मोकळी ठेवली होती, तिच्यावर आता पातळ, हलकी शहाबादी बसवली. एका कडेला बोटं घालायला खाच केली. बाईंना एका हाताने उचलता येईल एवढीच. निघताना कावेरीबाईंनी मला चहा दिला, त्यात साखर जरा जास्त होती. आभार त्यांनी त्या साखरेत घातले असं मी धरून चाललो.

पुढे कामाच्या निमित्ताने मस्तगडातून जाणं व्हायचं. एक गोष्ट माझ्या नजरेला आली. रंगनाथराव हल्ली सकाळी घरी नसत. ऐन पूजेच्या वेळेला कुंडलिकेच्या काठी एका दगडावर नुसते बसलेले दिसत. नदीला तेव्हा पाणीही फार नसायचं. गल्लीतले लोक म्हणायचे, बघा, बायकोचं तोंड बघायला नको म्हणून उठून जातो. मलाही तसंच वाटलं. माणूस दगड झाला, असं मी घरी बायकोला सांगितल्याचं आठवतं.

कावेरीबाई एकदा दारात भेटल्या. मी विचारलं, "मोरी बरी हाये का?"

त्या किंचित हसल्या. त्यांना हसताना मी तेवढंच पाहिलं. "बरी हाये. मालक सकाळच्याला भायेर जातेत, तवा साफ करून घेते. त्याइला अजून म्हाईत न्हाई."

मग रझाकारांची धामधूम आली. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मी गवंडी माणूस काय लिहिणार. अंगण करून घ्यायची कोणाची छाती नव्हती. ज्याला त्याला आपलं घर उद्या राहील की नाही याची काळजी. पुष्कळ लोक घरांना कुलपं लावून वऱ्हाडात इंग्रजी हद्दीतल्या सोयऱ्यांकडे गेले होते. इंग्रज गेला तरी लोक त्या हद्दीला इंग्रजीच म्हणत. रंगनाथरावांचा मेहुणा बहिणीला न्यायला बैलगाडी घेऊन आला होता. बाई हलल्या नाहीत. कारण सांगितलं नाही, नुसतं "मी न्हाई येत" म्हणाल्या. रंगनाथरावांना मेहुण्याने सांगितलं, तुम्ही तरी चला. तेही म्हणाले, "मीबी न्हाई येत." गल्लीत चार घरं उघडी राहिली होती, त्यातलं हे एक. नवराबायको एकमेकांशी बोलत नाहीत आणि गावही सोडत नाहीत, याचं लोकांना नवल वाटायचं.

त्या उन्हाळ्यात कावेरीबाई तापाने आजारी पडल्या. वैद्य वऱ्हाडात गेलेले. एक म्हातारे हकीम होते, ते येऊन काढा देऊन गेले. ताप उतरला नाही. बाई गेल्या तेव्हा खांद्याला माणसं कमी पडली, म्हणून मला निरोप आला. मी गेलो. तिरडी त्या कोब्यावरच बांधली. रंगनाथराव खांबाला टेकून उभे होते, त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. मला खरं सांगायचं तर तेव्हा त्या माणसाचा रागच आला.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, गेलेले लोक परत यायला लागले. पाऊस त्या साली भरपूर होऊन गेला होता. एके सकाळी रंगनाथरावांचा निरोप आला, मिस्त्रीला म्हणावं, मोरी साफ करायची आहे.

मी सब्बल घेतली नाही, पाटी घेतली नाही. तसाच गेलो. ते अंगणात वाट बघत होते. बरेच वाकले होते. उंच कोपऱ्याजवळ पाण्याने भरलेला तांब्या ठेवलेला होता, कावेरीबाईंचाच.

ते म्हणाले, "ढाळ उलटा हाये, मिस्त्री."

माझी मान खाली गेली.

"पाणसळ मीच धरलीती ना तुमच्यासंगं? मोरीचं म्हनले तवाच कळलं मला. वरच्या कोपऱ्यात कुटं मोरी असती व्हय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मंग पैला पाऊस झाला. मी ओसरीवर बसून पाह्यलं. सगळं पानी दरवाजाकडं गेलं. तुमच्या मोरीकडं थेंब गेला न्हाई. तीबी दारात उभी राहून पाहून राह्यली होती. मला वाटलं, आता बोलावं. म्हनावं, मला म्हाईत हाये, तू तुझं करत जाय. पन तोंड उघडंना."

"कामून, मालक?"

"बोललो असतो आन ती म्हनली असती, तुमीच धाडलं त्याला, तर मी ऐकून घेतलं असतं. पन ती तसं म्हनली नसती. ती गप राह्यली असती. ते मला झेपलं नसतं. मंग मी सकाळचा भायेर जाऊ लागलो. नदीवर काय काम होतं मला? तिला मोकळं बसता यावं म्हून जात होतो."

मला त्या दगडावर बसलेल्या माणसाची आठवण झाली आणि घरी बायकोला मी काय सांगितलं होतं तेही आठवलं. इतकी वर्षं एक बाई नवऱ्यापासून लपवून पाणी घालत होती आणि तो तिच्यापासून लपवून तिला जागा करून देत होता. एका शब्दाने दोघं त्या कोपऱ्यात शेजारी बसले असते. मी तो शब्द कोणाला सांगणार, मलाच माहीत नव्हता. फार वाईट वाटलं. आजही लिहिताना वाटतं.

मी म्हणालो, "झाकन हलकंच हाये, मालक. बोटं घालायला खाच हाये बगा."

"म्हाईत हाये. ती गेल्यापासून रोज येतो हितवर. हात लावाया जीव व्हत न्हाई. तिच्या हातची हाये ती फरशी." मग म्हणाले, "तुमी उचला."

मी उचलली. पावसाळा इतका होऊनही खाली माती कोरडीठाक होती, बारीक भेगा पडलेल्या. ढाळ चोख होता, झाकण चोख होतं, आत थेंब शिरला नव्हता. तेवढ्यापुरता मला माझ्या कामाचा राग आला. रंगनाथराव भिंतीचा आधार घेत खाली बसले, तांब्या घेतला.

"मी लांबून पाह्यलेलं हाये," ते म्हणाले. "पाठमोरी असायची. पानी कसं टाकायची ती? एकदम?"

मी बसलो आणि दाखवलं. ओंजळ जमिनीला टेकेल इतकी खाली धरायची. बोटं जराशी सैल सोडायची. एक जिरली की दुसरी.

त्यांनी तसंच केलं. पाणी बाहेर सांडलं नाही. माती सगळं पीत गेली. भेगा आधी काळ्या झाल्या, मग मिटल्या. तांब्या रिकामा झाला तेव्हा मी झाकण बसवायला हात पुढे केला, तसा त्यांनी माझा हात धरला आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"हा तिच्या वाटचा झाला," ते म्हणाले. "आता माझा भरून आना."